खरं होणारं बोलणं

हुबळी-धारवाडमधल्या नवनगरात राहणारी मथुरा कट्टी अठरा वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवते. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या पोरांची ती वर्गात फिरकी घेते. पण तिची स्वतःची आठ वर्षांची वेदश्री नऊ दिवस एक शब्द बोलली नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी मथुराचा नवरा, वेदश्रीचा अप्पा प्रभंजन, उणकलजवळ मोटरसायकलवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. तो हुबळीत दवाखान्यात आणि मथुराच्या बसने सारख्या खेपा. दोन घास गिळायचे, पुन्हा निघायचं. "पोर घाबरलीय, बोलेल आपोआप," असं सगळे म्हणत. पोर मात्र ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवायची.

दहाव्या दिवशी सकाळी डबा भरताना मथुराचा धीर सुटला. "अगं, एक शब्द तरी बोल!"

वेदश्रीने वही ओढून लिहिलं, 'त्या दिवशी मी अप्पाला म्हटलं, घरी येऊच नको. मी बोलले की खरं होतं.'

मथुराने रस्त्यावरची खडी, टायर, ब्रेक, सगळं समजावलं. पोर ढिम्म. शेवटी मथुरा म्हणाली, "करूनच बघू. म्हण, आज आईचा पाय मोडू दे."

वेदश्रीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मथुरा हटली नाही. पोर रडत रडत पुटपुटली.

शाळेचा जिना मथुरा एरवी दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची. त्या दिवशी तिने कठडा सोडला नाही. ओली फरशी दिसली तर लांबून वळसा घातला. बस पुरती थांबेपर्यंत जागची उठली नाही. आपण पडलो तर पोर जन्मभर बोलायची नाही, म्हणून जपतोय, असं ती मनाला बजावत राहिली. ते खरंही होतं. तरी प्रत्येक पायरी मोजून उतरताना तिला स्वतःचाच राग येत होता.

संध्याकाळी शेजारच्या मंगलाअक्कांकडून वेदश्री धावत आली. खाली बसून तिने आईचे दोन्ही पाय चाचपले.

"मोडला नाही."

"नाही मोडला."

"तुला भीती वाटली?"

मथुरा 'छे' म्हणणार होती. "वाटली," ती म्हणाली. "दिवसभर."

चार दिवसांनी प्रभंजन कुबड्या घेऊन घरी आला. त्याच संध्याकाळी टीव्हीवरून बापलेकीचं जुंपलं.

"अप्पा, तू जा ना इथून!" वेदश्री ओरडली आणि एकदम गप्प झाली. स्वयंपाकघरात मथुराच्या हातातली पळी थांबली.

"या पायाने कुठे जाऊ?" प्रभंजन म्हणाला.

मग वेदश्रीचं भांडण पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्या आवाजात.