हेरासाठी सोडलेली साखर

मस्तगडातल्या आमच्या घरात एका हेराच्या मालिकेचं वेड आधी मला लागलं, मग आईला. पण टिकलं ते तिचंच. मला मालिका आवडायची, तिला मुलाखती. हेराचं काम करणारा नट कुठे काही बोलला की मी मोबाइलवर लावून द्यायची, पेपरात आलं की वाचून दाखवायची. "काय म्हन्ला? घरी कवा येतो?" एवढंच तिला हवं असायचं. मालिकेतला हेर परमुलखात अडकला होता आणि इकडे त्याची आई दाराकडे डोळे लावून बसली होती.

माझा भाऊ वडिलांशी भांडून सुरतेला गेला, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. सुरुवातीला फोन यायचा, मग नंबरच बंद झाला. एका मुलाखतीत तो नट म्हणाला, खऱ्या हेरांच्या घरच्यांनाही त्यांचा ठावठिकाणा माहीत नसतो. आईने ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. पुढे एका लग्नात केदारखेड्याच्या मावशीने भावाची चौकशी केली, तर ही बाई शांतपणे म्हणाली, "त्याचं काम सांगन्यासारखं न्हाई." मला हसू आलं आणि भयंकर रागही आला. पोरगा कापडाच्या कारखान्यात लागला होता, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ती काडी काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

नवरात्रात आई पिंपळगावला रेणुकाईची ओटी भरून आली आणि तिने चहात साखर घेणं सोडलं. शुगर निघाली की काय म्हणून मी घाबरले. तर म्हणे, नवस. मालिकेतला हेर घरी येईपर्यंत गोड बंद.

"अगं माय, नवस बोलायचाच व्हता तर आपल्या पोरासाठी बोलायचा!"

"आपला काय हरवलाय का?" ती एकदम कडाडली. "तो कामावर हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा चहा वेगळा ठेवायला लागले.

उन्हाळ्यात शेवटची मुलाखत आली. पुढचा भाग निघणार नाही. हेर परतला की नाही, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं, असं तो नट हसत हसत म्हणाला. आईला काही उमगलं नाही. मी सांगितलं, "संपलं, माय. आता तो येत न्हाई." मला वाईट वाटलं, पण वाटलं, बरं झालं, सुटली एकदाची. चहा केला, चांगली दोन चमचे साखर घातली आणि कप तिच्यापुढे ठेवला.

तिने कपाला हात लावला नाही. बंद झालेल्या मोबाइलकडे बघत राहिली.

"मंग," ती म्हणाली, "त्याच्या मायला कोनी सांगितलं का?"

मी तो कप उचलला आणि तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा करायला उठले.