घुगऱ्या खाल्लेले साक्षीदार

भरे गावात दिलेल्या माझ्या आक्काला नवऱ्यापासून सुटायचं होतं, पण पोरीला घेऊन. दाजींनी दुसरी बाई आणून घरात ठेवली होती. आमच्यात काडीमोड पंचांपुढं व्हायचा, आणि पंच दाजींच्याच ओसरीवर बसणारे. दाजी म्हणाले, "जायचं तर खुशाल जा. पोरगी हितंच ऱ्हाईल." पोर सोडून आक्का हलायची नाही, शेतात फुकट राबत राहील, हे त्याला पक्कं ठाऊक. मेल्याचा मला अजून संताप येतो.

कोर्टातून काडीमोड मिळायचा नवा कायदा झाला होता, म्हणून आम्ही माहेराहून, सूस गावाहून पुण्याच्या कोर्टात गेलो. वकील म्हणाले, "बाई घरात आहे एवढ्यानं भागत नाही. दोघं नवरा-बायकोसारखी राहतात, हे कुणीतरी सांगायला हवं." मला हसूच आलं. अहो, त्या बाईला मुलगा झाला तेव्हा आक्काच्या सासूनं बारसं घातलं, वारलेल्या सासऱ्यांचं नाव ठेवलं, घरोघर घुगऱ्या वाटल्या! अख्खा गाव साक्षीदार होता.

कसचं काय! ओंजळी भरभरून घुगऱ्या खाल्लेले कोर्टात उभे राहिले की म्हणायचे, "आमाला काय ठावं न्हाई." दाजींनी तर सांगून टाकलं, बाई मजुरीला ठेवलीय, पोर तिच्या आधीच्या नवऱ्याचं.

मग लेकाच्या बाजूनं सासूबाई उभ्या राहिल्या. आमच्या वकिलांनी साधंच विचारलं, "मजूर बाईच्या पोराचं बारसं तुम्ही घातलंत? परक्याच्या पोराला तुमच्या मालकांचं नाव?"

म्हातारी भडकली. "परका? त्वांड सांभाळून बोला! माझ्या ल्योकाचं रगात हाय त्ये! वंशाचा दिवा हाय आमच्या!"

दाजींची मान खाली गेली. मी आक्काचा हात गच्च दाबला.

आक्काचा पदर धरून उभ्या असलेल्या पोरीकडं बघत जज्जसाहेब म्हणाले, "आणि ही?"

"हिला न्या की," म्हातारी त्याच तोऱ्यात म्हणाली. "पोरीचं काय करायचंय आमाला?"

झालं. आक्काला जे हवं होतं ते सगळं मिळालं. बाहेर येऊन मी पोरीला कडेवर उचलून घेतलं. आनंदानं मला काही सुचत नव्हतं. ती मात्र हळूच म्हणाली, "मावशे, आजी रागानं बोलली ना गं?"

"व्हय गं, रागानंच," मी म्हणाले. आक्का भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.