थोल शब्दाचा निरोप

लीड्समधल्या आमच्या कोशकचेरीत जुने शब्द काढून टाकायचं काम कायम बेरिल ऑक्सटोबीच्या गळ्यात पडायचं. कारण साधं होतं, ती नाही म्हणत नसे. नाही न म्हणणाऱ्याच्या टेबलावरचा ढीग वाढतच जातो, हे मी जन्मभर पाहत आलोय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

आमचा कोश खिशात मावणारा. नवे शब्द घ्यायचे तर दर आवृत्तीला काही जुन्यांना नारळ द्यावा लागे. वानहोप गेला, त्याचा अर्थ आशाच सुटणं. ओव्हरमॉरो गेला, म्हणजे परवा. इतका सुटसुटीत शब्द टाकून आम्ही इंग्रज लोक 'उद्याच्या नंतरचा दिवस' असं लांबण लावत बसतो, याला काय म्हणावं! फॉरस्वंकही गेला. फॉरस्वंक म्हणजे राबून राबून पार पिट्टा पडलेला. तो अर्थ खोडताना बेरिलनं हातातली पेन्सिल ठेवून डोळे चोळले, ते मला अजून दिसतं.

कचेरीत एक रीत होती. शब्द काढला की काढणाऱ्यानं चारच्या चहाला उभं राहून तो एकदा वाक्यात वापरायचा. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं हवं, पुस्तकातलं चालत नसे. मग सगळ्यांनी कप उचलून एक घोट घ्यायचा, की शब्द गेला. बहुतेक जण थट्टेवारी न्यायचे. आमच्यातल्या नोराचं प्रत्येक वाक्य सासूवर असायचं.

बेरिलची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. दिवसा शेजारीण डोकावून जायची, बाकी सगळं बेरिल. तिला अर्ध्या दिवसाचं काम हवं होतं, एवढंच. तिनं विषय काढला की मुख्य संपादक हेबलथ्वेट म्हणायचे, "ही आवृत्ती एकदा हातावेगळी होऊ दे, मिस ऑक्सटोबी. मग बघू." ती आवृत्ती व्हायची आणि दुसरी उभी राहायची.

त्या नोव्हेंबरात आम्ही टी अक्षराशी पोचलो. थोल. थोल म्हणजे मुकाट्यानं सोसणं.

"हा राहू द्या ना, साहेब," बेरिल म्हणाली. "माझी आई अजून बोलते हा शब्द."

"अलीकडे कुठं छापलेला सापडला का?"

"आई छापत नाही. बोलते."

"मग काढा." आमच्याकडे छापील पुरावाच धरत. तोंडचं बोलणं म्हणजे वारा, असं हेबलथ्वेट नेहमी म्हणत.

बेरिल हलली नाही. "अजून एक सांगायचं होतं. डॉक्टर म्हणतात, आई हा हिवाळा काढेल असं वाटत नाही. आतापासून अर्धा दिवस दिलात तर..."

"नाताळपर्यंत कळ काढा हो. तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

वर ही स्तुती! माझ्या तोंडावर शिवी आली होती, ती मी चहाबरोबर गिळली. नोकरी मलाही होती.

चारला बेरिल उभी राहिली. कप तिनं टेबलावरच ठेवला.

"इतकी वर्षं मी दोघांना थोल केलं," ती म्हणाली. "घरी आईला आणि इथं तुम्हाला. आता एकीलाच करीन."

कुणी कपाला हात लावेना. फक्त हेबलथ्वेटनी सवयीनं कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, "छान. नेमका अर्थ उतरला." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की बाई कोट घालते आहे.

मी फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो. म्हातारीनं हिवाळा काढत आणला होता. ती खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती आणि बेरिल तिला चमच्यानं भाताची खीर भरवत होती. बेरिलचे डोळे पार खोल गेले होते. मला तिची कीव आली, आणि कीव आल्याची लाजही वाटली.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"कसली बरी! कंबर धरलीय. आणि आई मला ओळखतही नाही रे आता. नर्स समजते. काल विचारत होती, तुमची नोकरी कशी काय चाललीय, बाई?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सोडली." बेरिलनं आईची हनुवटी पुसली. "तर म्हणते, बरं केलंत. घरी कुणीतरी वाट बघत असेल ना तुमची."