आईचं आणि डायक्लोफेनॅकचं वाकडं

गेल्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून आईनं शेजारच्या मावशींकडून एक गोळी घेतली. आमच्या अणदूरला विरजण मागावं तशा गोळ्या मागतात. पाव तासात तळहातांना खाज सुटली, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. नळदुर्गच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि मला विचारलं, "कोणती गोळी?"

"पांढरी," मी म्हणालो. एम.ए. झालेल्या माणसाचं हे उत्तर.

मावशींना दुकानदारानं पट्टीतून कात्रीनं दोनच गोळ्या कापून दिल्या होत्या. नाव दुकानात राहिलेल्या तुकड्यावर होतं. ते मी फोन करून मिळवलं: डायक्लोफेनॅक.

दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर आईला म्हणाले, "पुन्हा घेतलीत तर जिवावर बेतेल. दुसऱ्या गोळ्यांतही ती मिसळलेली असते. विचारल्याशिवाय दुखण्याची कुठलीच गोळी घेऊ नका."

मी गोळीच्या नावाचं कार्ड करून दिलं. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि भाकरी थापता थापता नावच पाठ केलं. मग येईल त्याला सांगू लागली, "त्याचं आन माझं जमत न्हाय."

यंदा गावात आरोग्य शिबिर झालं. फलकावर अकरा हसरे चेहरे. त्यांत आजारी एकही नाही. दीड तास सत्कार चालले. पाहुणे गेले तेव्हा कुठं तपासणी सुरू झाली आणि दुखऱ्या गुडघ्यांना गोळ्यांच्या पट्ट्या मिळू लागल्या. आईचा नंबर आला.

"डाक्टर, ह्यात डायक्लोफेनॅक हाय का?"

गळ्यात हार घातलेल्या डॉक्टरांनी मान वर केली. "आजी, चांगल्या कंपनीची गोळी आहे."

"कंपनी ऱ्हाऊ द्या. मागं बारीक लिवलंय ते वाचा."

त्यांनी चष्मा लावून पट्टी उलटी केली. डायक्लोफेनॅक होतंच, पॅरासिटामॉलच्या शेजारी. त्यांनी पट्टी परत घेतली, हार काढून टेबलावर ठेवला आणि, त्यांचं कौतुकच, उठून रांगेला विचारलं, "कुणाला कुठल्या औषधानं त्रास झालाय का?"

तीन हात वर झाले. एक काका म्हणाले, "मला गांध्या उठत्यात. पर कुणी इचारलंच न्हाय."

"मग सांगायला तोंड न्हाय व्हय?" आई म्हणाली आणि प्रमुख पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसली. पुढच्या प्रत्येकाला डॉक्टरांच्या आधी तीच विचारू लागली. तास उलटला तशी मी म्हणालो, "आई, चल आता. जेवायचंय."

"तू जेव जा," ती म्हणाली. "हितं अजून लई मानसं हायती."