व्हर्जिल ओव्हरस्ट्रीटची उडालेली टोपी

कोल्टन्स फेरी गावात डेलमर ओव्हरस्ट्रीटला कुठल्याही गोष्टीच्या शेवटी कुणी पाहिलेलं नाही. चर्चमध्ये शेवटचं भजन सुरू झालं की हा मागच्या दारानं पसार. लग्नात केकला सुरी लागायच्या आत याची गाडी सुरू. स्वतःच्या लग्नातून त्यानं नोरीनला इतक्या लगबगीनं बाहेर काढलं की तिच्या मावश्यांना अजून वाटतं, आत काहीतरी भांडण झालं असणार. कारण विचाराल तर उत्तर एकच: "पूल."

नदीच्या अलीकडे ब्रॅनम कॉलेज, पलीकडे वस्ती, आणि मध्ये पूल एकच. तोही दोन गाड्या एकमेकींना खरचटल्याशिवाय जेमतेम जातील एवढा. शनिवारी फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची, मॅच सुटली की सात हजार माणूस त्या पुलाच्या तोंडाशी तुंबतं. म्हणून गावातल्या शहाण्यांनी नियम करून ठेवलाय: घड्याळात चार मिनिटं उरली की उठायचं. डेलमर या शहाण्यांचा मुकुटमणी. तसा माणूस वाईट नाही हो. अडतीस वर्षं त्यानं घरं गरम ठेवायच्या गॅसचा टँकर चालवला, बर्फात, चिखलात, आणि एकाही म्हातारीचं घर थंड पडू दिलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर म्हणाल शेजारी नुसते उखाळ्यापाखाळ्या काढतात.

तर असा हा डेलमर दर नोव्हेंबरात, मॅक्रेडी कॉलेजशी मॅच असली की, एका शेवटाची गोष्ट सांगायचा. अठ्ठ्याऐंशी सालच्या मॅचच्या शेवटाची. त्याच्या तोंडी असलेला हा एकमेव शेवट, आणि नेमका तोच त्यानं पाहिलेला नव्हता.

मॅक्रेडीशी आमचं वैर शंभर वर्षांचं. मॅक्रेडीत शिकलेला जावई या गावात चालतो, फक्त नोव्हेंबरात त्याला जेवायला बोलवत नाहीत. त्या वर्षी ब्रॅनम पाच गुणांनी मागे, शेवटची काही सेकंदं उरलेली, आणि चेंडू मॅक्रेडीच्या हातात. त्यांनी नुसता तो चेंडू पोटाशी धरून जमिनीवर लोळण घेतली असती तरी मॅच त्यांची होती. पण चेंडू हातातून निसटला, आणि उचलला कुणी, तर बर्नेल स्कॅग्सनं. तीनशे पौंडी गडी. चार वर्षांत चेंडूला त्याचा हात लागला नव्हता; त्याचं काम समोरच्याला ढकलायचं. तो साठ यार्ड पळाला. इतका सावकाश पळाला, की मध्येच थांबून सँडविच खाल्लं असतं तरी फारसा फरक पडला नसता. पण त्याला कुणी गाठू शकलं नाही; शेवटची रेघ ओलांडली, सहा गुण, आणि मॅच आमची. स्टेडियम सात हजारांचं. तो शेवट डोळ्यांनी पाहिला म्हणणारी माणसं आज मोजली तर वीस हजार भरतील.

डेलमरची गोष्ट सगळ्यांत रसाळ. त्याचे डॅडी, व्हर्जिल ओव्हरस्ट्रीट, तंबाखूच्या वखारीत तोलाईला होते. बोलणं कमी, डोक्यावर बारा महिने एकच करडी फेल्टची टोपी. बाविसाव्या रांगेतल्या दोन जागा चाळीस वर्षं त्यांच्या. "आणि बर्नेल शेवटची रेघ ओलांडतो न ओलांडतो," डेलमर सांगायचा, "तर डॅडींनी ती टोपी काढली आणि भिरकावली हवेत. आयुष्यात ज्या माणसानं वाढदिवसालासुद्धा टाळी वाजवली नाही, त्यानं! वाऱ्यानं उचलली, ती पुन्हा सापडली नाही. आणि मग त्यांनी मला मिठी मारली." इथं तो थांबायचा. बायका नाक पुसायच्या.

खरं असं घडलं होतं. त्या मॅचला डॅडींबरोबर बसायची पाळी डेलमरची नव्हतीच. आई गेल्यापासून त्या दुसऱ्या जागेवर दोघं भावंडं आलटून पालटून बसत, आणि मॅक्रेडीची मॅच त्या वर्षी थोरल्या बहिणीच्या, लोर्नाच्या वाट्याला आली होती. ती लुईव्हिल शहरात नर्स. तिनं रजेसाठी दोन रात्रपाळ्या जास्तीच्या केल्या होत्या. डेलमरनं फोनवर गळ घातली: "तू पुढच्या वर्षी जा ना. तुझी मॅक्रेडी पुढच्या वर्षी नक्की." लोर्नानं जागा दिली.

आणि चार मिनिटं उरली तेव्हा डेलमर उठला.

"अजून आहे की रे," डॅडी म्हणाले.

"डॅडी, हरलोय आपण. पूल तुंबेल."

म्हाताऱ्यानं एकदा मैदानाकडे पाहिलं. खालची लाल गादी डेलमर उचलायला लागला तर म्हणाले, "राहू दे. आपली जागा कुठली ते दिसेल." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले. पूल ओलांडून पलीकडच्या पेट्रोल पंपापाशी पोचले आणि मागून गर्जना आली. नदीवरून येते तशी, जरा उशिरानं. डेलमरच्या गाडीतला रेडिओ बिघडलेला. पंधराएक गाड्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, माणसं उतरून पलीकडच्या तीराकडे बघत उभी राहिली. कुणाच्या तरी रेडिओवरून कळलं काय झालं ते. त्या पंधरा गाड्यांतली माणसं आजही दर नोव्हेंबरात एकमेकांना भेटतात, आणि त्या वेळी तू कुठं होतास, असं कुणी कुणाला विचारत नाही. चोर चोर मावसभाऊ म्हणतात, पण यांचं नातं सख्ख्याहून घट्ट.

संध्याकाळी लोर्नाचा फोन. "वॉर्डातल्या रेडिओवर ऐकलं मी! डेल, डॅडींनी काय केलं? सांग ना, काय केलं?"

ती इतकी खुशीत होती की डेलमरच्या तोंडून निघून गेलं: "टोपी फेकली त्यांनी. हवेत. गेली ती गेलीच."

डॅडी समोरच खुर्चीत बसले होते, टोपी गुडघ्यावर. त्यांनी टोपीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग उठून ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, फोन हातात घेतला आणि म्हणाले, "हो पोरी. उडाली बघ."

तो हिवाळा म्हातारा बोडक्यानं हिंडला. चर्चच्या दारात लोक विचारत, "व्हर्जिल, टोपी कुठाय?" तर म्हणे, "उडाली." नाताळला लोर्नानं नवी टोपी पाठवली, निळी, चांगल्यापैकी महाग. ती त्यांनी एकदाही घातली नाही. फेब्रुवारीत हृदय बंद पडून गेले. थंडीचा काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले. डेलमरनं दोनदा विचारलं होतं. शवपेटीत लोर्नानं त्यांच्या हाताखाली ती निळी टोपी ठेवली. "जुनी असती तर तीच दिली असती," म्हणाली. डेलमर चार पावलांवर उभा होता. मातीची पहिली मूठ पडायच्या आत तो गाडीत जाऊन बसला. लोक म्हणाले, पूल. कब्रस्तान वस्तीच्याच बाजूला आहे, वाटेत पूल लागतच नाही.

अशी चौतीस वर्षं गेली. मग या ऑक्टोबरात गावच्या पेपरात बातमी आली. मॅक्रेडीच्या एका प्रोफेसरच्या विधवेला माळ्यावर जुनी टेप सापडली होती. प्रोफेसरसाहेबांनी समोरच्या बाजूनं कॅमेरा लावून ठेवला होता, आणि शेवटच्या क्षणी दुःखानं म्हणा, धक्क्यानं म्हणा, तो वळला होता थेट आमच्या प्रेक्षकांवर. यंदा मध्यंतरात ती मोठ्या पडद्यावर दाखवणार.

दुसऱ्याच दिवशी लोर्नाचा ॲरिझोनाहून फोन, आता ती तिकडेच राहते. डॅडी गेल्यापासून ती मॅचला आली नव्हती. "विमानाचं तिकीट काढलंय," ती म्हणाली. "डॅडींना एकदा तसं बघायचंय मला. टोपी फेकताना."

डेलमर नोरीनला म्हणाला, "मला बरं वाटत नाही." तीन आठवडे त्याला बरं वाटत नव्हतं. नोरीनला कपाटातली टोपी माहीत होती, आणि ती का आहे हे विचारायचं नाही, हेही तीस वर्षांपासून माहीत होतं. मॅचच्या सकाळी तिनं टोपी कागदात गुंडाळली आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवली. "आज सांगून टाक," स्वतः घरीच थांबताना एवढंच म्हणाली, "नाहीतर पडदा सांगेल."

गाडीतळावर गाड्यांच्या मागच्या फळ्या खाली सोडून नेहमीचा मेळा भरला होता. मोठ्या पातेल्यात बर्गूचा, म्हणजे इकडच्या मांस-भाज्यांचा, रस्सा रटरटत होता. बर्नेल स्कॅग्सचं आता हार्डवेअरचं दुकान आहे, आणि वजन तेव्हाच्याहून जास्त. त्यानं लोर्नाला मिठीत घेतलं तर ती दिसेनाशी झाली.

"डेलमर, आज पूल कधी गाठणार?" तो ओरडला. "राष्ट्रगीतालाच निघणार का?"

"तू पळत असशील तर निघतो," डेलमर म्हणाला. "परत येऊन बघायलाही वेळ मिळेल."

सगळे हसले. लोर्ना सगळ्यांत जोरात हसली. बर्नेल म्हणाला, "टोपीची गोष्ट सांग की लोर्नाला. समोरासमोर ऐकली नसेल तिनं."

"घसा बसलाय," डेलमर म्हणाला.

"फोनवर ऐकून ऐकून मला पाठ आहे," लोर्ना म्हणाली, आणि तिनंच ती सांगितली. शब्दन् शब्द, डेलमर थांबायचा तिथं थांबून. डेलमर वाटीतला रस्सा ढवळत राहिला.

बाविसावी रांग. दोघं शेजारी बसले. पहिला भाग संपला, मैदानावर बँड येऊन गेला. डेलमर म्हणाला, "कॉफी घेऊन येऊ? खाली रांग कमी असेल आत्ता. तूही चल."

"बस रे."

पडदा उजळला. "लोर्ना," तो म्हणाला.

"श्श."

"डॅडी त्यात नाहीत."

"बाविसावी रांग. दिसायलाच हवेत."

"नाही दिसणार. आम्ही निघून गेलो होतो. पुलासाठी."

तिनं वळून पाहिलं नाही. पडद्यावर बर्नेल पळत होता, आताच्या मानानं सडपातळ म्हणावा इतका तरुण, आणि खाली मैदानाच्या कडेला खरा बर्नेल रुमाल तोंडावर धरून रडत होता. मग कॅमेरा वळला. लोक उड्या मारत होते, एकमेकांच्या अंगावर पडत होते. त्या गर्दीत एका रांगेत मधलेच दोन दात पडल्यासारखी फट, आणि फटीत एक लाल गादी.

भोवतीचं सगळं स्टेडियम आत्ताही उभं राहून ओरडत होतं. ही दोघं बसलेली.

"किती उरली होती?" लोर्नानं विचारलं.

"चार मिनिटं."

"डॅडींना निघायचं होतं?"

डेलमरला इथं एक शेवटची गोष्ट सांगता आली असती. गुडघे दुखत होते त्यांचे, असं. "नाही," तो म्हणाला.

मॅच पुन्हा सुरू झाली, मॅक्रेडीनं गुण केले, पुन्हा केले. मग लोर्ना म्हणाली, "माझी पाळी होती, डेल."

"हो."

"मी उठले नसते."

"नसतीस उठली."

"मग तेही थांबले असते."



आम्ही अठ्ठावीस गुणांनी मागे पडलो. घड्याळात चार मिनिटं उरली आणि गावचे शहाणे उठले, पायऱ्यांवर रांग लागली. डेलमरचेही गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले, कारण सवय माणसाला विचारून उठत नाही. लोर्नानं त्याची बाही धरली.

"बस."

तो बसला. चमत्कार कसला व्हायचा, उलट मॅक्रेडीनं आणखी सात गुण केले. अख्ख्या बाजूला ही दोघं, आणि चार रांगा खाली झोपलेला एक गृहस्थ. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैदानाकडून पायऱ्या चढत येणारा बर्नेल थबकला.

"डेलमर? तू अजून इथं? छातीत दुखतंय का रे?"

"नाही."

"मग नोरीननं हाकललं?"

"मीच थांबवलंय त्याला," लोर्ना म्हणाली. बर्नेलनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचा विनोद गिळला.

पुलाशी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. दिवस मावळत आला होता. पुलाच्या मध्यावर आल्यावर रांग पुरती थांबली. डेलमरनं इंजिन बंद केलं, मागे हात घालून कागदाचं पुडकं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

लोर्नानं कागद सोडला. टोपी उलटी केली. आतल्या पट्टीवर घामाचा काळा डाग होता, डॅडींच्या डोक्याएवढा. त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"मी त्यांना नव्या टोपीत पुरलं."

"हो."

"तू बघत होतास."

"हो."

मागच्या कुणीतरी भोंगा वाजवला, उगाच, कारण पुढे कुणाला जायलाच जागा नव्हती.

"त्या दिवशी गाडीत काय बोलले ते?" तिनं विचारलं. "खरं ते सांग. गोष्ट नको."

"पुलावर काही नाही. पंपावर काही नाही. घराच्या दारात उतरताना म्हणाले, डेल, रेडिओ दुरुस्त करून घे."

"केलास?"

"नाही. ती गाडीच विकली."

लोर्नानं टोपी पुन्हा कागदात गुंडाळली, नर्सच्या हातांनी, कोपरे नीट दुमडून. "ही मी नेतेय," ती म्हणाली.

"ने."

पुढची गाडी हातभर सरकली. डेलमरनं सवयीनं किल्लीला हात घातला.

"राहू दे," लोर्ना नदीकडे बघत म्हणाली. "कुठं जायचंय आता घाईनं."