किंकाळ्या तेवढ्या माझ्या

नांदेडला इंजिनिअरिंगला असताना माझी रूममेट आणि मी तिच्या लॅपटॉपवर भुताचे गेम खेळायचो. रविवारी कपडे धुऊन झाले की खिडकीला चादर लावायची आणि कॉटवर मांडी घालून बसायचं. ती मुदखेडची, मी लातूरची. तिला भीती अशी वाटायचीच नाही, म्हणून माऊस तिच्याकडे. मला लई भीती वाटायची, पण कोडी मला सुटायची.

हे गेम दोन-चार जणांनी मिळून बनवलेले असत. त्यातल्या एकात आपण बंद पडलेल्या दवाखान्यात अडकलेलो असतो. हातात बंदूक नाही, काही नाही. दिसेल ती वस्तू उचलून, ढकलून वाट काढायची. प्रत्येक वस्तूला खऱ्यासारखं वजन. पेटी निसटली की आवाज होई, आणि आवाज झाला की पांढऱ्या डोळ्यांची एक बाई येई.

तळघराचा जिना मधेच तुटलेला होता. तिथं आम्ही बरेच दिवस अडकलो. मला मेसमध्ये जेवता जेवता सुचलं. ताट तसंच ठेवून मी खोलीत पळाले.

"फळी अर्धी पुढं सरकव," मी तिला म्हणाले. "मागच्या टोकावर विटा रच. मग पुढं चाललं तरी फळी उलटायची न्हाई."

फळी टिकली. पलीकडे उडी मारली आणि समोर ती बाई. "माय गं" म्हणून मी किंचाळले आणि रूममेटच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "भिऊ नको. मी हाय ना."

दिवाळीला घरी गेले तेव्हा मावसबहिणीनं मोबाईल पुढं केला. "ताई, हा तुझाच आवाज हाय न?"

माझाच होता. व्हिडिओचं नाव होतं 'माझी घाबरट मैत्रीण'. रूममेटच्या चॅनलवर असे कितीतरी होते. मी गच्चीवर जाऊन सगळे पाहिले. फळीचा व्हिडिओही होता. त्यात रूममेट शांतपणे समजावून सांगत होती, "इथं मी जरा डोकं लावलं." मी सांगितलेलं सगळं कापलं होतं. किंकाळ्या तेवढ्या ठेवल्या होत्या.

परत गेल्यावर मी विचारलं, "तू सगळं रेकॉर्ड करत होतीस?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्यात काय एवढं? तोंड कुठं दिसतंय तुझं?"

"फळीचं मी सांगितलं होतं."

"कोडं कोण बघतंय? लोक तुझं ओरडणं ऐकायला येतात."

"सगळे काढून टाक," मी म्हणाले. तिनं बाकीचे व्हिडिओ काढून टाकले. फळीचा ठेवला, तो चांगला चालत होता.

पुढच्या सेमिस्टरला मी खोली बदलली. एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या दारात आली. गेममधल्या लिफ्टपाशी अडकली होती. दोरी, कप्पी, पाण्याची टाकी. टाकी भरली की लिफ्ट वर येणार, हे मला बघताक्षणी कळलं.

"सांग ना," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय होत न्हाई."

"मला न्हाई कळत," मी म्हणाले.

ती लॅपटॉप मिटून गेली. मी पुस्तक उघडलं, पण बराच वेळ तेच पान समोर होतं.