गर्द्यांच्या बेसला दोन तारे

काशीच्या पंचगंगा घाटावरून बालाजी घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत राहणारे बिंदुमाधव गर्दे बँकेत कारकून होते आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवत. काशीत हे कुणाला सांगायचीही चोरी. इथला पानवालासुद्धा ठेका चुकला की चुना लावता लावता थांबतो. अशा गावात चार जाड तारांचं, गळ्यात अडकवायचं, एकट्यानं वाजवलं तर गाणं ओळखू न येणारं वाद्य कोण विचारतो? त्यांचे वडील वेदपाठी. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बिंदू, ह्यात गाणं कुठाय?"

"गाणं बाकीचे वाजवतात, बाबा. मी खाली असतो."

"बरं," असं म्हणून बाबा संध्येला बसले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

बेस होता 'मेलोरा' नावाच्या कलकत्त्याच्या कारखान्याचा. सत्त्याहत्तर साली श्रीराम आठवल्यांनी स्वतः बरोबर येऊन तो निवडून दिला होता. श्रीराम हे शरद पावग्यांच्या 'नवरंग ऑर्केस्ट्रा'चे लीड गिटारवाले, आणि शरद हे ऑर्केस्ट्राचे मालक, गायक आणि निवेदक. लग्नांत, कॉलेजांत, गणेशोत्सवात नवरंगचे कार्यक्रम होत. गर्दे गायींना, सायकलींना वाट देत गल्ल्यांतून मेलोरा खांद्यावर घेऊन जात. बाकीचे म्हणत, "बिंदूभाऊंचा मेलोरा म्हणजे नवरंगचा पाया." म्हणून झालं की त्यांना मंचावर सगळ्यांच्या मागे उभं करत.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत एका गुरुवारी श्रीराम तालमीला आले ते हातात मासिक घेऊन. कलकत्त्याहून निघणारं, पाश्चात्त्य वाद्यांना वाहिलेलं, गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक. त्यात मेलोराचं परीक्षण आलं होतं. पाचपैकी दोन तारे.

श्रीराम एक एक वाक्य वाचत आणि त्याचा अर्थ सांगत. लाकूड दरवाजाला शोभेल इतकं जड. खालच्या तारेचा नाद गढूळ. शिकाऊ माणसाला चालेल, गंभीर वादकाने लांब राहावं.

मग शरद म्हणाले, "बिंदूभाऊ, राग मानू नका. पण वरच्या सुरावर गेलो ना, की मला कायम वाटायचं, खालून कुणीतरी धोतर ओढतंय."

"अकरा वर्षांत बोलला नाहीत ते?"

"कारण कळत नव्हतं ना! आज छापून आलं."

ड्रमवाला लल्लन इतका वेळ खुर्ची उलटी करून बसला होता. तोही म्हणाला, "गढूळ माने मटमैला न? हाँ गुरू, मटमैला तो है." श्रीरामांनी सुस्कारा टाकला. निवडून आपणच दिला होता, हे त्यांना आठवलं असावं, कारण ते म्हणाले, "तेव्हा दुकानात चांगला वाजला होता. नंतर बिघडला."

गर्दे घरी निघाले. त्या दिवशी गल्लीच्या दुसऱ्याच वळणावर त्यांचा खांदा दुखू लागला. अकरा वर्षांत एकदाही दुखला नव्हता. घरी येऊन त्यांनी खालची तार छेडली आणि कान लावला. गढूळच होती. पुन्हा छेडली, जास्तच गढूळ वाटली. शरदिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. त्या आतून म्हणाल्या, "अहो, एकच तार किती वेळ? मोडली का?"

"नाही. दोन तारे मिळालेत."

"बक्षीस?" बाईंनी विचारलं.

रविवारी त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं, बँकेतल्या टाइपरायटरवर, बँकेतल्याच भाषेत. 'आपल्या जुलैच्या अंकातील परीक्षणाच्या संदर्भात' इथपासून सुरुवात करून त्यांनी चार पानं भरली. वाद्य जड आहे हे मान्य; पण त्या वजनामुळेच सूर टिकतो. तार गढूळ नाही, गंभीर आहे, आणि हा फरक कळायला परीक्षकांनी एकदा काशीला येऊन पहाटे घाटावर उभं राहावं. शेवटी 'कळावे, तसदीबद्दल क्षमस्व' अशा अर्थाचं इंग्रजी होतं.

ऑगस्टच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये गर्द्यांचं पत्र आलं. संपादकांनी जागेअभावी ते थोडं आटोपतं घेतलं होतं. छापलं होतं एवढंच: 'मी हे वाद्य अकरा वर्षं वाजवतो आहे. ते जड आहे हे मान्य. – बी. गर्दे, वाराणसी.'

गर्द्यांना वाटलं, आता तोंड दाखवायला जागा उरली नाही. झालं ते उलटंच. नवरंगमध्ये आजवर कुणाचं नाव कलकत्त्यात छापून आलं नव्हतं. शरदनी तो मजकूर कापून तालमीच्या भिंतीवर चिकटवला. श्रीराम म्हणाले, "बिंदूभाऊ, तुमचा मोठेपणा. स्वतःच्या वाद्यावर असं खरं लिहायला छाती लागते." शहरातले दोन-तीन गिटारवाले गर्द्यांचा सल्ला घ्यायला बँकेत आले. एकानं नमस्कार करून विचारलं, "मेलोरा लें कि न लें?" मागे रांग वाढत होती. गर्दे काउंटरवरून म्हणाले, "जड आहे."

असा जाणकार माणूस ऑर्केस्ट्रात असताना त्याच्या हाती दोन ताऱ्यांचं वाद्य शोभत नाही, असं ठरवून शरदनी त्याच मासिकात पाच तारे मिळालेला नवा बेस मागवला. काळाभोर, सडपातळ. गर्द्यांना तो गळ्यात आहे की नाही हेच कळेना. मेलोरा घरी कोपऱ्यात उभा राहिला आणि नवा बेस गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर पहिल्यांदा उतरला.

पहिली दोन गाणी गर्द्यांना वाटलं, नव्या बेसचा आवाजच सौम्य असेल. लल्लनचा ड्रम तसा दणदणीत. त्यात आपलं आपल्याला कसं ऐकू यावं? तिसऱ्या गाण्यात त्यांनी आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली. चौथ्यात सहज मागे वळून पाहिलं तर ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझलेला. त्याचा प्लग काढून कुणीतरी तिथे प्रमुख पाहुण्यांचा टेबलपंखा लावला होता. पाहुण्यांचं उपरणं छान फडफडत होतं.

गर्दे ओरडणार, इतक्यात शरदनी गाता गाता त्यांच्याकडे वळून बघितलं, डोळे मिटले आणि हातानं 'वा!' अशी खूण केली.

मग काय ओरडणार? गर्दे वाजवत राहिले. पुढची सगळी गाणी त्यांनी एकही स्वर न चुकवता, तालाला पक्के राहून, पूर्ण मुकी वाजवली. एका ठिकाणी बोट घसरता घसरता वाचलं तेव्हा ते सवयीनं ओशाळलेसुद्धा.

कार्यक्रम संपल्यावर श्रीराम धावत आले. "स्वच्छ! एकदम पारदर्शक! मासिकात शब्दच तो आहे. गाळ म्हणून नाही!" शरद म्हणाले, "पहिल्यांदा मोकळा गायलो, भाऊ." पाहुण्यांनीही खास गर्द्यांना बोलावून पाठ थोपटली.

कार्यक्रम ऐकायला आलेल्या शरदिनीबाई मात्र घरी येताना झपझप पुढे चालत होत्या. दाराशी चपला काढताना म्हणाल्या, "आज काय झालं होतं? गाण्याला खाली जमीनच नव्हती. सगळे अधांतरी लोंबकळत होते."

गर्द्यांनी पंख्याची हकिकत सांगितली. बाई पायरीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गर्दे उभेच. अकरा वर्षं आपण वाजवतो ते ह्या ऐकत आल्या, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ऐकू येतं?"

"नसतं तेव्हा कळलं," बाई म्हणाल्या.

गुरुवारी गर्द्यांनी तालमीत खरं ते सांगून टाकलं. श्रीरामांनी साफ नाकारलं. "अशक्य. मी स्वतः ऐकलंय." लल्लन छताकडे बघू लागला. शरदनी मात्र उठून आधी दार लावलं. "पाहुणे मंडळाच्या अध्यक्षांच्या जवळचे आहेत, आणि त्यांनी तुमची पाठ थोपटलीय. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आहे. हे इथंच राहू दे."

पुढच्या तालमीला गर्दे मेलोरा घेऊन आले. शरदनी सूर धरला, गाणं सुरू झालं, आणि वरच्या सुरावर गेल्यावर त्यांनी नकळत कमरेशी हात नेऊन धोतर चाचपलं. धोतर जागेवर होतं.

नवरंग आणखी नऊ वर्षं चालला. श्रीराम शेवटपर्यंत नव्या पोरांना सांगत, "बेस कसा वाजावा, तर अठ्ठ्याऐंशीच्या गणेशोत्सवात वाजला तसा." समोर गर्दे असले तर तेही मान डोलवत. शेवटी शेवटी कीबोर्डवाला आला, त्याच्या डाव्या हाताकडे बेस गेला, आणि गर्दे मोकळे झाले. शरदिनीबाईंनी त्यांना शाळेतल्या गाण्याच्या वर्गावर बोलावलं. तिथे चाळीस मुली एकदम गात. गर्दे कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांच्याखाली सावकाश, एक एक स्वर ठेवत जात. वर्षाअखेरीस एका मुलीनं विचारलं, "सर, आप गाना कब बजाएँगे?"

"हेच तर गाणं," गर्दे म्हणाले, आणि पुढचा स्वर लावला.